सिग्नलला थरथरणारी गाडी

एसी लावला की गाडी थरथरते, ही तक्रार लोक तोंडाने कमी आणि हाताने जास्त सांगतात. कोणी दोन्ही तळवे पुढे धरून थरथरवतं, कोणी खांदे हलवतं. एका प्राध्यापकांनी तर माझं टेबलच धरून हलवलं होतं. त्यावरचा चहा माझ्या पँटवर आला. मी सगळ्यांना एकच विचारतो, "गाडी उभी असताना की चालताना?" उभी असताना, असं उत्तर आलं की निदान कुठून सुरुवात करायची ते कळतं.

डोंबिवलीत मानपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एका गल्लीत माझं गॅरेज आहे. त्याआधी मी इथल्याच एका केमिकल कारखान्यात होतो. प्रेशर आणि तापमान दाखवणारे गेज खरं बोलतात की नाही ते तपासायचं, चुकत असतील तर जुळवून द्यायचे, हे माझं काम. कारखाना बंद झाला आणि मी गाड्यांच्या एसीकडे वळलो. गेज तेच राहिले, फक्त जागा बदलली. त्या नोकरीने मला एक खोड लावून ठेवली आहे. आकडा दिसल्याशिवाय मला काही पटत नाही. घरात कोणाला ताप आला तर कपाळाला हात लावून माझं भागत नाही, थर्मामीटर लागतो. बायको म्हणते, "तुम्हाला भूक लागलीय का, तेसुद्धा मोजून सांगाल." ही खोड धंद्याला चांगली, पण जिवाला त्रासाची. कारण सगळे आकडे बरोबर असताना गाडी बंद पडली, की माझ्यासारख्या माणसाला धरायला काही उरत नाही. तसं एकदाच झालं, आणि नको त्या गाडीच्या बाबतीत झालं.

त्या गाडीकडे वळण्याआधी थोडं समजावून सांगतो. गाडीचा एसी बॅटरीवर चालतो असं बऱ्याच जणांना वाटतं. आतला वारा फेकणारा पंखा तसा चालतो. पण खरं ओझं असतं गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचं, आणि पेट्रोलच्या गाडीत तो पट्ट्याने थेट इंजिनाला जोडलेला असतो. गाडी पळत असते तेव्हा इंजिनात जोर भरपूर असतो, हे ओझं त्याच्या गावीही नसतं. सिग्नलला उभं असताना मात्र इंजिन फक्त स्वतःला जागं ठेवण्यापुरतं फिरत असतं, आणि नेमका तेव्हा कॉम्प्रेसर अंगावर येतो. उभ्या माणसाच्या खांद्यावर न सांगता दळणाचा डबा ठेवला तर तो हेलपाटेल. आधी सांगितलं तर पाय रोवून उभा राहील. हल्लीच्या गाड्यांत हे आधी सांगण्याचं काम कॉम्प्युटर करतो. एसीचं बटण दाबलं की तो इंजिनाला थोडी जास्त हवा आणि थोडं जास्त पेट्रोल देतो, मग कॉम्प्रेसर लावतो.

तरीही गाडी हेलपाटली, तर एक तर माणूस अशक्त झालेला असतो, म्हणजे हवेचा रस्ता काजळीने भरलेला किंवा प्लग दमलेला; नाहीतर माणूस धडधाकट असतो आणि डबाच भलता जड झालेला असतो. कधीकधी या दोन्हीतलं काहीच नसतं, इंजिन ज्या रबरावर बसवलेलं असतं ते फाटलेलं असतं. कारण शोधायला वेळ जातो, म्हणून बरेच जण सरळ आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, वाढवून देतात. इंजिन उभ्या उभ्याच जोरात फिरतं, थरथर थांबते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि दुखणं आत तसंच राहतं. मी ते करत नाही. फार मोठेपणा म्हणून नाही. पुन्हा फोन येणार या विचाराने मला जेवण जात नाही, म्हणून.

ती गाडी शुभांगीताईंची. त्यांनी तक्रार हाताने सांगितली नाही. दसरा होऊन गेला होता, ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावरून तोंडावर येत होतं. गाडीतून उतरल्या आणि सरळ म्हणाल्या, "एसी लावून ट्रॅफिकमध्ये उभी राहिले की गाडी थरथरायला लागते. दोनदा बंद पडलीय. एसी बंद केला की ठीक चालते."

मी सवयीने म्हणालो, "मग मी बघेपर्यंत एसी न लावता चालवा ना थोडे दिवस."

"ते नाही जमणार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मागचं दार उघडलं.

आत दहा-अकरा वर्षांची मुलगी बसली होती. गळ्याभोवती ओली ओढणी, हातात झाडांवर पाणी मारायची असते तशी फवाऱ्याची बाटली. मला बघून तिने स्वतःच्या तोंडावर एक फवारा मारला आणि म्हणाली, "मला घाम येत नाही. जन्मापासून. तुम्ही विचारायच्या आधी सांगून टाकते."

ही सानिका. घामाच्या ग्रंथीच नाहीत तिच्या अंगात. आपण उन्हात गेलो की घाम येतो, तो वाळतो, अंगातली उष्णता बाहेर जाते. तिची जात नाही, आत साठत राहते आणि ताप चढत जातो. तिची शाळा ठाण्याला. वर्गात एसी असलेली आणि हिची जबाबदारी घ्यायला तयार झालेली जवळची शाळा तेवढीच मिळाली. शाळेच्या बसला एसी नाही. कॅबवाले दोन मिनिटं ट्रॅफिक लागला की एसी बंद करतात आणि वर वाद घालतात. म्हणून शुभांगीताई स्वतः शीळफाटा, मुंब्रा बायपास करत रोज नेतात आणि आणतात. वडील जहाजावर असतात. घरी आजोबा, त्यांना सगळे आप्पा म्हणतात.

एरवी माझ्या चुकीची शिक्षा म्हणजे एखादं गिऱ्हाईक उकाड्यात बसणार, मला चार शिव्या घालणार. इथे उकाड्यात बसणारी ही होती.

गाडीच्या तोंडाला झेंडूचा हार होता, अगदी ताजा. माझ्याकडे बाळाराम नावाचा जुना मेकॅनिक आहे, इथल्याच गावचा आगरी, गाडीला 'गारी' म्हणतो. गिऱ्हाईकाच्या गाडीला हार असला की बॉनेट उघडायच्या आधी तो काढायचा, कपाळाला लावायचा, आमच्या भिंतीवरच्या देवाच्या फोटोला अडकवायचा आणि गाडी देताना पुन्हा जागच्या जागी घालायचा, ही आमची पहिल्यापासूनची रीत. बाळारामने तसं केलं. मग गाडीचं तोंड आत आणि धूर सोडणारं बूड गल्लीत, अशी ती लावली, आणि आमचा मोठा स्टँडचा पंखा आणून तिच्या नाकासमोर ठेवला. समोरून वारा असला की इंजिनाची वाफ तोंडावर येत नाही. हीसुद्धा रीतच.

गेज लावले. एसीच्या गॅसचं प्रेशर जिथे असायला हवं तिथे, सव्वादोनशेच्या जरा खाली. इंजिनाच्या गरमीचा काटा मध्यावर. हवेचा रस्ता काळा झाला होता, तो साफ केला. प्लग बदलले. एसी लावला, आयडल जरा खाली गेलं, सावरलं आणि मिनिटाला आठशे फेऱ्यांवर गप्प उभं राहिलं. मी गाडी स्वतः शीळफाट्यापर्यंत नेऊन आणली. ज्या रस्त्याला आम्ही वर्षभर शिव्या घालतो, तो त्या दिवशी मोकळा होता. ट्रॅफिक मिळावा म्हणून मी दोनदा उलटा फिरलो, तरी नाही.

"झाली," मी म्हणालो.

आठवड्याने गाडी परत आली. पुन्हा तेच. मी पुन्हा सगळं तपासलं. आत थंडावा व्यवस्थित, आकडे व्यवस्थित. इंजिनाखालचं एक रबर फाटलेलं सापडलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, की तेच कारण असणार असं मी धरून चाललो. ते बदललं. थरथर खरोखर कमी झाली. हार परत घातला, गाडी दिली.

बाळाराम जाणाऱ्या गाडीकडे बघत म्हणाला, "शेठ, ही गारी डॉक्टरासमोर बरी होनारी हाय."

"म्हणजे?"

"आमची आय तशीच. घरी कन्हत बसंल, दवाखान्यात गेली का हसून बोलंल."

मी हसलो. पण पुढचे काही दिवस फोन वाजला की मी आधी नाव बघायचो.

मग फोन आलाच, दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला. शुभांगीताईंचा आवाज एकदम सपाट होता. फार घाबरलेली माणसं अशी बोलतात. "बायपासवर आहे. पुढे मागे ट्रक. एसी लावला की इंजिन बंद पडतंय. बंद ठेवला की चालतंय. काय करू ते सांगा."

मी म्हणालो, "ॲक्सिलरेटरवर पाय ठेवा, न्यूट्रलमध्ये, थोडं रेस करून ठेवा, मग एसी लावा." म्हणजे आयडल वाढवायचं. जे मी कधी करत नाही तेच मी फोनवरून करायला सांगत होतो.

"एका पायाने किती वेळ?" त्यांनी विचारलं. मागून सानिकाचा आवाज आला, "आई, बाटलीतलं पाणी गरम झालंय." मग फोन कट झाला.

मी बाइक काढली. कल्याण-शीळ रस्त्याने पोचेपर्यंत माझ्या डोक्यात फक्त एक काटा वर वर सरकत होता आणि तो कुठल्याही गेजचा नव्हता. मी गाठलं तेव्हा गाडी कडेला होती आणि शेजारी मासळीचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याने बर्फाचा एक मोठा तुकडा फोडून दिला होता. तो ओढणीत बांधून शुभांगीताईंनी मुलीच्या मानेला लावला होता. सानिकाचे गाल लालबुंद, डोळे अर्धवट मिटलेले. मी पोचल्यावर तिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, "मला बोंबलाचा वास येतोय." एवढं बोलली म्हणून मी श्वास सोडला.

घरी नेल्यावर तिला ताप राहिला, उतरायला दुसरा दिवस उजाडला.

त्यानंतर गाडी तिसऱ्यांदा आली ती आप्पांबरोबर. ते पाणीखात्यातून निवृत्त झालेले, ताठ बसणारे, कमी बोलणारे. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "पण सोमवारपासून मुलगी घरी. थंडी पडेपर्यंत तरी. पुढचं पुढे."

"आप्पा, थंडी इथे पडते कुठे?" शुभांगीताई म्हणाल्या. "आणि मार्चपासून पुन्हा ऊन. म्हणजे शाळा संपलीच की तिची."

"शाळा पळून जात नाही. जीव जातो."

सानिका गाडीतच होती, काच जरा खाली. ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "पहिलीपर्यंत मी घरीच होते. घरी एसी आहे, पण कोणीच नसतं."

मग शुभांगीताई माझ्याकडे वळल्या. "दादा, तुम्हाला सापडत नसेल तर तसं सांगा. मी दुसरीकडे जाईन, वाईट वाटून घेणार नाही. पण सापडलं नसताना 'झाली' म्हणू नका."

मी म्हणालो, "सापडलं नाहीये. सोमवारच्या आत एकदा शेवटचं बघू द्या."

आप्पांनी पिशवीतून हार काढला, गाडीच्या नाकाला घातला, हात जोडले आणि उन्हं कलली होती म्हणून तिघं रिक्षाने गेली. मी तो हार काढून देवाच्या फोटोला लावला. त्या गाडीचा तिथे अडकवलेला हा तिसरा हार.

दुसरा दिवस शुक्रवार. आमच्या या औद्योगिक भागाला शुक्रवारी सुट्टी असते आणि देखभालीसाठी वीजही त्याच दिवशी घालवतात, म्हणून गॅरेज बंद असतं. मी तरीही गेलो. बाळाराम माझ्या आधीच शटर उघडून बसला होता. म्हणाला, "घरी बसून काय करू, ती पोरगी डोल्यासमोर येते."

लाइट नव्हतीच. शर्ट काढून ठेवले, गाडी नेहमीसारखी लावली, गेज जोडले, एसी चालू केला. बघायचं तरी काय, हेच कळत नव्हतं. सगळं दोनदा बघून झालं होतं. मी नुसता काट्यासमोर बसून राहिलो. काटा सव्वादोनशेला आला. थोड्या वेळाने अडीचशे. मी डोळे पुसले, घामाने दिसत नसेल म्हणून. काटा चढतच राहिला. तीनशे. इंजिनाचा आवाज जड झाला, स्टिअरिंग कापायला लागलं, तीनशेच्या वर काटा गेला तसं आयडल सहाशेच्या खाली घसरलं, आणि गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली.

शीळफाट्याला होणारी, बायपासवर होणारी गोष्ट पहिल्यांदा आमच्या डोळ्यांदेखत झाली होती.

"आज काय वेगला हाय?" बाळारामने विचारलं, आणि बोलता बोलता त्याची नजर कोपऱ्यातल्या पंख्याकडे गेली. माझीही गेली.

एसी गाडीच्या आतली उष्णता उचलतो आणि पुढच्या जाळीमागे एक चपटी जाळीदार पेटी असते, कंडेन्सर, तिच्यातून बाहेर टाकतो. त्या पेटीतून वारा आरपार गेला पाहिजे. वारा अडला की उष्णता अडते, गॅसचं प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर फिरवणं जड होत जातं. म्हणजे माणूस अशक्त नव्हता, डबा जड होत होता. गाडीचा स्वतःचा पंखा त्या पेटीतून वारा खेचायला पुरा पडत नव्हता. आणि आमच्या गॅरेजमध्ये आम्ही त्याच्या मदतीला आमचा भला मोठा पंखा उभा करत होतो. दर वेळी, न चुकता, नाकासमोर.

"पन जाली तर साफ हाय," बाळाराम वाकून टॉर्च मारत म्हणाला. खरंच पुढून चकचकीत होती. म्हणून तर आम्ही तिच्याकडे दोनदा पाहून पुढे गेलो होतो.

कंडेन्सरच्या मागे लगेच रेडिएटर असतो, दोघांच्या मध्ये बोटभर फट. तिथलं पुढूनही दिसत नाही आणि मागूनही. आम्ही वरचे बोल्ट सोडवून रेडिएटर मागे कलवला. बाळारामने आत हात घातला आणि वाकळीचा तुकडा असावा तसं काहीतरी बाहेर काढलं. एकसंध, तपकिरी, हाताला मऊ. मग त्याने ते उजेडात धरलं. त्यात सोनेरी जरीचे तुकडे चमकत होते. दोरा होता. आंब्याच्या पानाची एक शीर होती. बाकी सगळ्या झेंडूच्या पाकळ्या, सुकून केसासारख्या झालेल्या, रस्त्याच्या धुळीने आणि ट्रकच्या काजळीने एकमेकींत घट्ट बसलेल्या.

शुभांगीताईंनी बोलता बोलता सांगितलं होतं, आप्पा रोज सकाळी नात निघायच्या आधी गाडी पाइपने धुवायचे आणि ताजा हार घालायचे. दुसऱ्या दिवशी तो जुना हार तसाच असताना पुन्हा पाणी. पाण्याच्या जोराने पुढची जाळी स्वच्छ व्हायची आणि पाकळ्या कडेकडेने मागच्या फटीत जाऊन बसायच्या. रोज थोड्या. वर ताजा हार पुढून वारा अडवायचा तो वेगळाच, आणि तो तर आम्ही गाडी तपासायच्या आधी नमस्कार करून काढून ठेवत होतो.

मी ती गुठळी कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात पुढे केला तर बाळारामने हात मागे घेतला. "निर्माल्य हाय, शेठ." त्याने सगळं चिमटीने वेचून एका स्वच्छ पिशवीत भरलं आणि टेबलावर ठेवलं.

काम झालं होतं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आता आप्पांना सांगायचं होतं. 'जाळीत कचरा अडकला होता' एवढं म्हटलं असतं तर ते खोटं नव्हतं. पण मग हार चालूच राहिला असता, पाइप चालूच राहिला असता, आणि पुढच्या एखाद्या मे महिन्यात गाडी पुन्हा कुठेतरी ट्रकांच्या मध्ये उभी राहिली असती. घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "सांगायचं तर लागेलच. फक्त सांगताना आकडे नका सांगू."

शनिवारी तिघं आली. आप्पांच्या हातात हाराची पुडी होतीच. टेबलावरची पिशवी त्यांना आधी दिसली. "हे काय?"

"निर्माल्य हाय, आप्पा. कलशात टाकाचा हाय," बाळाराम म्हणाला.

"कुठल्या देवळातलं?"

बाळारामने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तुमच्या गाडीतलं."

मग मी सगळं सांगितलं, वारा कसा जातो, कुठे अडला, पाण्याने काय झालं. आकडे सांगितले नाहीत. आप्पांनी पिशवी उचलली, हातावर तोलल्यासारखी धरली.

"म्हणजे त्या दिवशी बायपासवर," ते म्हणाले, आणि पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली.

"आप्पा, तसं नका घेऊ," शुभांगीताई म्हणाल्या.

"कसं घेऊ मग? हे काय अंदाजाने बोलणारे गृहस्थ आहेत का?" ते खुर्चीवर बसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

सानिका ओल्या ओढणीत गुंडाळलेली, त्या पिशवीत डोकावत होती. तिने मला विचारलं, "म्हणजे गाडीच्या आतली गरमी बाहेरच जात नव्हती?"

"नव्हती."

"मग आत साठत गेली आणि ती बंद पडली?"

"हो."

"म्हणजे गाडीला घाम येत नव्हता." तिने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. "आप्पा, तिचं माझ्यासारखं झालं होतं. पण तिचं बरं झालं."

बाळाराम उगाचच पाना पुसायला लागला. आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला.

मी 'झाली' म्हणालो नाही. गाडी गल्लीत भर उन्हात काढली, बॉनेट उघडं, आमचा पंखा लांब. तिघांना आत बसवलं, काचा बंद, एसी पूर्ण. मी बाहेर गेजसमोर उभा राहिलो. काटा सव्वादोनशेपर्यंत आला, जरासा वर गेला, खाली आला. मी हललो नाही. बाळारामने आणलेला चहा माझ्या हातात गार झाला. आतून सानिका काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होती. शेवटी तिने काचेवर फुंकर मारून धुकं केलं आणि त्यावर बोटाने एक हसरं तोंड काढलं. गाडी उभी होती तशीच उभी राहिली, नुसती गुणगुणत.

आप्पा उतरले. हाराची पुडी अजून हातात होती. "आता हा कुठे घातला तर चालेल?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. आरशाला नको, समोरचं दिसत नाही. वायपरला नको. मी विचारच करत होतो तोवर बाळाराम म्हणाला, "मागं घाला ना आप्पा. मागून कोन ठोकाया आला, तर आधी देवाशी गाठ हाय त्याची."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "चालेल?"

"चालेल. नंबरप्लेट झाकू नका, आणि रात्री आठवणीने काढा."

सोमवारी मी लवकर गेलो. आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथेच सिग्नल आहे. मी चहाचा ग्लास घेऊन कोपऱ्यावर उभा राहिलो. त्यांची गाडी आली, सिग्नल लाल झाला आणि ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. काचा बंद. रिक्षांच्या गोंगाटात तिच्या इंजिनाचा आवाज मला ऐकू येणं शक्यच नव्हतं, गेज तर हातात नव्हताच. पण मागे डिकीच्या दाराला आप्पांचा हार होता. इंजिन थरथरलं असतं तर तो थरथरला असता. मी त्या हाराकडे टक लावून बघत राहिलो.

अजूनही, त्या वेळेला गॅरेजमध्ये असलो तर मी कोपऱ्यावर जातो. त्या हारावर एकही आकडा नाही, तरी मी तो वाचतो. सिग्नल लाल असेपर्यंत तो अगदी स्थिर लटकलेला असतो. मग सिग्नल सुटतो, गाडी ठाण्याकडे निघते, आणि हार हलतो.